पाचशे पानांचं वरण उकळायचं कसं? गावासाठी मोठं भगुणं आणि गॅसची भट्टी घेताना काय बघायचं

सप्ताहाची वर्गणी जमली की मंडळात एक विषय हमखास निघतो. दरवर्षी मंडपवाल्याकडून भाड्याने भांडी आणण्यापेक्षा गावाची स्वतःची भांडी का घेऊ नयेत? बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर हे परळी-लातूर रोड रेल्वेमार्गावरचं मोठं गाव. अशा गावात काल्याच्या कीर्तनानंतरच्या पंगतीला पाचशे पानं सहज उठतात. त्यात लग्नं, बारसं, तेराव्याचं जेवण आणि देवीच्या नवरात्रातला भंडाराही आला. मग दोन-चार जण टेम्पो करून लातूर किंवा अंबाजोगाई गाठतात, दुकानातलं सगळ्यात मोठं भगुणं निवडतात आणि त्यासोबत दुकानदार दाखवेल ती भट्टी उचलतात.

गडबड इथेच होते. भांडं माणसं मोजून घेतलं जातं आणि भट्टी उरलेल्या पैशांत. मग पहिल्याच पंगतीला कळतं की तीन तास झाले तरी वरणाला उकळी नाही. खालची डाळ करपायला लागलीय आणि वरचं पाणी नुसतं कोमट आहे. कीर्तन संपत आलेलं असतं, लोक पत्रावळ्या घेऊन बसलेले असतात. अर्धवट शिजलेलं वरण वाढायचं की लोकांना ताटकळत ठेवायचं, एवढाच पर्याय आचाऱ्याकडे उरतो.

खरं तर भांडं आणि भट्टी ही जोडी आहे. भट्टी किती उष्णता देते हे आधी ठरवायचं आणि त्या उष्णतेला पेलेल एवढंच भांडं घ्यायचं. यात अवघड काही नाही, शाळेतल्या गणिताएवढाच हिशोब आहे.

शंभर लिटर पाणी उकळायला किती गॅस लागतो?

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं तर उकळीपर्यंत त्याला ७५ अंश वर न्यायचं आहे. म्हणजे १०० लिटरला ७,५०० किलोकॅलरी.

एक किलो एलपीजी जळला की साधारण ११ हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. ऐकायला भरपूर वाटतं, पण ती सगळी भांड्यात जात नाही. उघड्यावर लावलेल्या भट्टीची निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते, वाऱ्याने उडते, तिवई तापवते आणि आचाऱ्याला घाम फोडते. प्रत्यक्षात किलोमागे पाच हजार किलोकॅलरी पाण्यात उतरल्या तरी चांगलं म्हणायचं. याचा अर्थ १०० लिटरला दीड किलो गॅस. आणि ही उकळी एका तासात हवी असेल, तर ताशी दीड किलो गॅस जाळणारी भट्टी हवी.

दुकानात विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच, की ही भट्टी तासाला किती गॅस खाते? दुकानदार "एकदम पॉवरफुल आहे" असं सांगेल, जाळ किती उंच येतो ते पेटवून दाखवेल. दोन्हीचा उपयोग नाही. आकडा भट्टीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. कधी तो किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो, तेव्हा १३ ने भागलं की ताशी किलोंचा अंदाज येतो. २० किलोवॅटची भट्टी म्हणजे ताशी दीड किलो.

तुलनेसाठी घरातली शेगडी बघा. तिचा मोठा बर्नर तासाला जेमतेम २०० ग्रॅम गॅस जाळतो. त्यावर शंभर लिटरचं उघडं भांडं ठेवलं तर सहा-सात तासांत तरी उकळेल का? नाही. पाणी जसजसं तापतं तसतशी वाफेतून आणि भांड्याच्या अंगातून बाहेर जाणारी उष्णताही वाढते. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास अशी वेळ येते, की शेगडी जेवढं देतेय तेवढंच बाहेर जातंय. तिथून पुढे काटा हलत नाही. दिवसभर ठेवलं तरी नाही. भट्टी भांड्याच्या मानाने लहान असली की अगदी हेच होतं, फक्त थोड्या वरच्या तापमानाला.

याच कारणाने झाकण ही चैन नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला तब्बल ५४० किलोकॅलरी लागतात. उघड्या भगुण्यातून पाच लिटर पाणी उडून गेलं, तर २,७०० किलोकॅलरी हवेत गेल्या. म्हणजे शंभर लिटर उकळायला जेवढी उष्णता लागली, तिच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त. भांड्यासोबत झाकण फुकट मिळत नसेल तर पैसे देऊन घ्यावं, पहिल्या दोन-तीन पंगतींतच ते वसूल होतं.

वाऱ्याचंही तसंच. शेतात किंवा देवळाच्या पटांगणात भट्टी लावली की जाळ एका बाजूला झुकतो आणि भांड्याच्या बुडाला लागतच नाही. तीन बाजूंनी पत्रे उभे करायचे, चौथी बाजू हवेला मोकळी ठेवायची. सिलिंडर मात्र पत्र्यांच्या आत नको. तो भट्टीपासून दोन-तीन मीटर लांब, आडोशाच्या बाहेर.

जाळ मध्येच का मंदावतो?

भट्टी ताशी दीड किलोची आणली, १९ किलोचा नवा सिलिंडर लावला, पहिला अर्धा तास जाळ निळा आणि जोमात. मग हळूहळू तो बसायला लागतो. सिलिंडरला हात लावला तर गारठलेला, थंडीत तर बाहेरून दव धरलेलं. लोकांना वाटतं गॅस संपला किंवा एजन्सीने कमी भरून दिला. प्रत्यक्षात आत बारा-तेरा किलो शिल्लक असू शकतो.

सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूपात असतो. त्याचा वायू व्हायलाही उष्णता लागते आणि ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. आपण गॅस फार वेगाने ओढला तर हवेतून तेवढी उष्णता वेळेत मिळत नाही. द्रव गार पडतो, दाब उतरतो आणि जाळ मंदावतो. १९ किलोचा एक सिलिंडर सलग चालवला तर ताशी साधारण एखादा किलो वायू आरामात देतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्याहूनही कमी. म्हणून मोठ्या भट्टीला दोन सिलिंडर एकत्र जोडायची व्यवस्था लागते. आचारी लोक ती "जोड" म्हणून मागतात, कंपन्या मॅनिफोल्ड म्हणतात. भट्टीच्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो आणि नेमका तोच विसरला जातो.

मग यावर जे जुगाड केले जातात ते जिवावर बेतणारे आहेत. कुणी सिलिंडरवर उकळतं पाणी ओततं, कुणी त्याच्याजवळ निखारे ठेवतं, कुणी तो आडवा करतं. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी थेट द्रव नळीत येतो. त्या द्रवाचा वायू होताना तो अडीचशे पट फुगतो, आणि भट्टीतून एकदम भडका उठतो. जाळ मंदावला तर करण्यासारखी गोष्ट एकच, दुसरा सिलिंडर जोडणे.

रेग्युलेटरही भट्टीनुसार लागतो. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर अगदी कमी दाबाने गॅस सोडतो. तोच मोठ्या दाबाच्या भट्टीला लावला तर जाळ मेणबत्तीसारखा पिवळा येतो आणि भांडं काळं होतं. उलट मोठ्या दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. भट्टी कमी दाबाची आहे की जास्त, हे विचारून त्याच दाबाचा रेग्युलेटर आणि जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची नळी घ्यायची. दोन्ही टोकांना क्लिप हवीच.

आणि घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर पंगतीला लावणं कायद्यात बसत नाही. एलपीजीच्या पुरवठा आणि वितरणासाठी केंद्राने २००० साली काढलेल्या आदेशानुसार घरगुती सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे. गावोगाव काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण अपघात झालाच तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, तेव्हा पहिला मुद्दा हाच निघतो.

एक सवय मात्र ताबडतोब मोडायला हवी. पूर्वी लाकडांसाठी खणलेलं चुलवण असतं, त्याच खड्ड्यात गॅसची भट्टी उतरवली जाते. उंची बरोबर मिळते, वाराही लागत नाही, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. वाऱ्याने जाळ विझला आणि कॉक चालू राहिला तर गॅस वर उडून जात नाही, खड्ड्यात साचतो. नंतर कुणी काडी ओढली की काय होईल ते वेगळं सांगायला नको. गॅसची भट्टी सपाट जमिनीवरच हवी.

भांडं केवढं घ्यायचं?

गोल भांड्याचं माप काढणं सोपं आहे. ६० सेंटिमीटर व्यास आणि ४५ सेंटिमीटर उंची असलेल्या भगुण्यात काठोकाठ १२७ लिटर मावतं. पण काठोकाठ कुणी भरत नाही. तीन चतुर्थांश भरलं तर हाती ९५ लिटर वरण येतं. माणशी २०० मिलिलिटर धरलं, म्हणजे एक मोठी वाटी, तर ते पावणेपाचशे लोकांना पुरतं. पाचशे पानांसाठी हे एक भांडं जवळपास नेमकं आहे.

वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवण्यामागे कारण आहे. तुरीची डाळ उकळताना फेस धरते आणि तो क्षणात वर येतो. दुधाचं तर विचारूच नका. युरोप-अमेरिकेत हौसेने घरी बिअर बनवणारे लोक आहेत, त्यांनाही हीच अडचण येते. सातूच्या माल्टचा गोड काढा तासभर खळखळून उकळावा लागतो आणि पहिल्या उकळीला तो दुधासारखा उतू जातो. म्हणून वीस लिटर बिअरसाठी ते तीस लिटर किंवा त्याहून मोठं भांडं घेतात. भांड्याआधी बर्नरची ताकद बघायची, हे शहाणपणही त्यांच्यात ठेचा खाऊनच आलेलं आहे. (आपल्याकडे हा छंद करायला जाऊ नये. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे.)

भाताचा हिशोब वेगळा. २५ किलो तांदळाला ५० लिटर पाणी धरलं तर शिजलेला भात सत्तर-पंचाहत्तर लिटर जागा घेतो. तो शंभर लिटरच्या भांड्यात मावतो, पण नीट शिजेलच असं नाही. वरण पातळ असतं, तापलं की खालचं वर येतं आणि वरचं खाली जातं, उष्णता आपोआप फिरते. भातातलं पाणी आटलं की हे फिरणं थांबतं. मग खाली खरवड, मध्ये गिचका आणि वर टणटणीत दाणे. म्हणून भातासाठी एका उंच भांड्यापेक्षा बारा-तेरा किलोची दोन पसरट भांडी बरी. जुन्या आचाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, खरेदीला मात्र त्यांना कुणी सोबत नेत नाही.

भांड्याचं बूड आणि भट्टीचं तोंड यांचंही जमायला हवं. जाळ बुडाच्या मधल्या अर्ध्या ते दोन तृतीयांश भागाला लागावा. तो कडेवरून वर चढताना दिसला तर गॅस वाया जातोय. जाळ फक्त मध्यभागी बोटभर लागला तर तेवढीच जागा करपणार.

आणि वजन. ९५ लिटर वरण, अधिक भांडं, म्हणजे शंभर किलोच्या वर उकळता ऐवज. तो दोन माणसांनी पंचा गुंडाळून उचलायचा नसतो. कान रिव्हेट मारलेले, चार जणांना दांडा घालून उचलता येईल असे हवेत, आणि तिवई एवढा भार पेलणारी. शक्यतो भांडं उतरवूच नये, भट्टी बंद करून तिथूनच बादल्यांनी काढावं. नुसतं पाणी तापवायचं भांडं असेल तर खाली तोटी बसवून घेता येते. वरणाच्या भांड्याला तोटी नको. डाळ आत अडकते आणि ती धुताना कुणी उघडून बघत नाही.

ॲल्युमिनियम, स्टील की पितळ?

इथे दुकानात सगळ्यात जास्त वेळ जातो. तिन्ही धातूंची बाजू घेणारे लोक असतात आणि थोडे थोडे सगळेच बरोबर असतात.

उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलपेक्षा साधारण पंधरा पट सरस आहे. जाळ मध्यभागी लागला तरी उष्णता बुडभर पसरते. स्टीलमध्ये ती जिथे लागली तिथेच अडकते, म्हणून मोठ्या स्टीलच्या भांड्यात डाळ बरोबर जाळाच्या कड्याच्या आकारात करपते. पाणी उकळायला स्टील उत्तम, कारण पाणी करपत नाही. वरण, खीर, रस्सा असं दाट काही असेल तर स्टील जाड बुडाचंच हवं, आणि त्या मापाचं जाड बुडाचं स्टील महाग पडतं.

ॲल्युमिनियमची अडचण आंबटाची. चिंच, टोमॅटो, आमसूल, ताक यांनी धातू थोडा थोडा विरघळतो, पदार्थाला धातूची चव येते आणि भांडं आतून काळवंडतं. शिजेपर्यंतचा तासभर फारसा बिघाड करत नाही, पण आंबट आमटी रात्रभर त्याच भांड्यात ठेवू नये. चिंच शेवटी, भट्टी बंद करायच्या जरा आधी घालायची. तशीही चिंच आधी पडली तर डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. बोअरचं जड पाणीही डाळ लवकर शिजू देत नाही, म्हणून मराठवाड्यात डाळ दोन तास भिजवून घेणं गॅस वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बाजारात हिंडालियम म्हणून जे मिळतं ते ॲल्युमिनियमचंच मिश्रण, साध्या ॲल्युमिनियमपेक्षा कडक आणि जास्त टिकणारं.

पितळेची भगुणी अजून बऱ्याच देवळांत आहेत. त्यावर कुणाचं तरी नाव आणि साल कोरलेलं असतं. पितळ उष्णता चांगली पसरवतं आणि पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण कल्हई नसेल तर त्यात आंबट शिजवणं धोक्याचं. तांबं पदार्थात उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असंच अन्नसुरक्षेचे नियमही सांगतात. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. भांड्यात पाणी आहे तोवर बूड एवढं तापत नाही. पण रिकामं भांडं भट्टीवर ठेवून मग फोडणी करायला गेलात तर कल्हई गेलीच समजा. कल्हईवाले आता गावोगाव फिरत नाहीत, त्यामुळे जुनी पितळेची भांडी असतील तर ती पाण्यासाठी ठेवणं शहाणपणाचं.

सगळं पाहता, पाचशे पानांच्या गावासाठी जाड ॲल्युमिनियम किंवा हिंडालियमचं भगुणं शिजवायला आणि स्टीलची भांडी वाढायला-साठवायला, ही जोडी सगळ्यात व्यवहारी ठरते.

जाडी ओळखायची कशी? दुकानदार गेजमध्ये सांगतो, आणि गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड, हे अनेकांना माहीत नसतं. त्यापेक्षा काटा खोटं बोलत नाही. वरच्या ६० बाय ४५ च्या भांड्याचा पत्रा तीन मिलिमीटरचा असेल तर झाकणाशिवाय वजन नऊ किलोंच्या आसपास भरतं. काट्यावर साडेपाच-सहा किलो दिसले तर पत्रा दोन मिलिमीटरचाच आहे. तो दोन वर्षांत बुडाला फुगणार आणि तिवईवर डुगडुगणार. भंगारातलं कसलंही ॲल्युमिनियम वितळवून ओतलेली भांडीही स्वस्तात मिळतात, त्यात शिसं असू शकतं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्याचा आदेश काढला आहे, तेव्हा ते चिन्ह मागायला लाजू नये.

मग लाकडं काय वाईट होती?

वाईट नव्हती, खर्चिक होती. फक्त खर्च दिसत नव्हता. वाळलेल्या लाकडातून किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळतात आणि उघड्या चुलवणात त्यातल्या दहा-पंधरा टक्केच भांड्यात पोचतात. शंभर लिटर उकळायला पंधरा-वीस किलो लाकूड. घरची बाभळ तोडलेली असेल तर ते फुकट वाटतं, विकत घ्यायची वेळ आली की कळतं. गॅसचा खर्च काढायला व्यावसायिक सिलिंडरची त्या महिन्याची किंमत १९ ने भागायची आणि दीडने गुणायची. ही किंमत साधारण दर महिन्याच्या १ तारखेला बदलते.

लाकडाची एक बाजू मात्र मानायला हवी. चुलवणाचा जाळ रुंद असतो, अख्ख्या बुडाला लागतो. लाकडावरचं वरण करपत नाही असं जुने आचारी सांगतात, त्यामागे चवीपेक्षा हे कारण जास्त आहे. गॅसच्या भट्टीत तीच गोष्ट हवी असेल तर एकाच मोठ्या ज्योतीपेक्षा दोन-तीन कड्यांचा रुंद बर्नर निवडावा.

यापेक्षा मोठं भांडं का नको?

हजार पानं असतील तर दोनशे लिटरचं एक भांडं घ्यायचं की शंभर लिटरची दोन? दोन. भांडं दुप्पट मोठं केलं की त्यात दुप्पट माल मावतो, पण तळाचं क्षेत्रफळ दीडपटीच्या आसपासच वाढतं, आणि उष्णता आत जायचा रस्ता तळाचाच आहे. एका मर्यादेपलीकडे खालून जाळ लावून काम भागतच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत ९१८ किलो खिचडीचा गिनेस विक्रम झाला, ती हजार लिटरच्या कढईत शिजवलेली खिचडी खालच्या जाळावर नाही, वाफेवर शिजली होती. शिर्डीच्या प्रसादालयातही गच्चीवरच्या ७३ सौर तबकड्यांवर वाफ तयार करून ती स्वयंपाकघरात नेली जाते. रोज हजारोंची पंगत असेल तिथे तो खर्च परवडतो, वर्षाला आठ-दहा पंगती करणाऱ्या गावाला दोन भांडी आणि दोन भट्ट्याच बऱ्या. एक भट्टी बिघडली तर निम्मं जेवण तरी हाती असतं.

मोठ्या भांड्याची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ते तापायला जसा वेळ घेतं, तसाच निवायलाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडी इथे महाप्रसादानंतर मोठ्या संख्येने लोक आजारी पडले. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावं लागलं. अशा प्रत्येक घटनेमागचं कारण वेगळं असतं. कधी पीठ किंवा भगर जुनी असते, कधी पाणी खराब असतं. पण मोठ्या भांड्यातून होणारी विषबाधा हा एक स्वतंत्र, चांगला अभ्यासलेला प्रकार आहे.

तांदळात आणि डाळीत काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते उकळीनेही मरत नाहीत. अन्न ६० अंशांच्या वर गरम असेपर्यंत ते गप्प राहतात. तापमान त्याखाली आलं की वाढायला लागतात, आणि शंभर लिटरच्या भगुण्याच्या मध्यभागी हे कोमट तापमान सात-आठ तास टिकू शकतं. भातातल्या जिवाणूने एकदा विष तयार केलं की नंतर अन्न पुन्हा खळखळून उकळलं तरी ते जात नाही. "सकाळी परत गरम केलं होतं" हे बचावाचं वाक्य म्हणूनच फसवं आहे.

रात्री शिजवून दुपारी वाढणं टाळायचं, यासाठीही भट्टीची ताकद लागते. भट्टी तासात उकळी आणणारी असेल तर पहाटे पाचला सुरुवात करून अकराच्या पंगतीला ताजं वरण वाढता येतं. भट्टी कमजोर असली की आचारी नाइलाजाने आदल्या रात्रीच चढवतो. उरलेलं ठेवायचंच असेल तर मोठ्या भांड्यात तसंच झाकून ठेवू नये. चार बोटं खोलीच्या पसरट परातींमध्ये काढून, गार पाण्यात परात ठेवून लवकर निववावं.

विकत घ्यायचं की भाड्याने?

वर्षाला तीन-चारच पंगती होत असतील तर भाडंच परवडतं. त्याहून जास्त असतील, किंवा गावातला महिला बचत गट भांडी सांभाळून भाड्याने द्यायला तयार असेल, तर खरेदीचा विचार करावा. भांडी देवळाच्या खोलीत कुलपात पडून राहिली की नळीला उंदीर लागतात आणि बर्नरच्या भोकांत कोळी घर करतो. पुढच्या वर्षी पेटवायच्या वेळी जाळ पिवळा येतो.

घेतल्यावर पंगतीची वाट न पाहता एक चाचणी करावी. भगुणं तीन चतुर्थांश पाण्याने भरायचं, झाकण लावायचं, सिलिंडर आधी काट्यावर तोलायचा आणि घड्याळ लावून उकळी आणायची. मग सिलिंडर पुन्हा तोलायचा. किती मिनिटं लागली आणि किती किलो गॅस गेला, हे दोन आकडे तैलरंगाने भांड्याच्या काठाखाली लिहून ठेवायचे, जिथे एरवी देणगीदाराचं नाव असतं. पुढच्या सप्ताहाला आचारी दुसरा आला तरी भट्टी किती वाजता पेटवायची आणि सिलिंडर किती मागवायचे, हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.